कुंपणाच्या तारेवरून आलेला फोन

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. तुमच्या खिशात मावतो तसा नव्हे, भिंतीवर टांगायचा, ओकच्या लाकडी पेटीचा. डोक्यावर पितळेच्या दोन घंटा, पुढे बोलायचा भोंगा, एका बाजूला आकड्याला अडकवलेला रिसीव्हर आणि दुसऱ्या बाजूला फिरवायची मूठ. दिसायला मी भारदस्त होतो, पण स्वभावाने पहिल्यापासून घाबरट. घंटा वाजणार असं वाटलं की झालं. कोण आजारी पडलं असेल, कुणाच्या घरी काय झालं असेल, हेच डोक्यात. आणि ज्या काळात मी राहिलो, त्या काळात माझी भीती बहुतेक वेळा खरीच ठरली.

नॉर्थ डकोटात पेडर आणि गुनहिल्ड रोस्टाड यांच्या स्वयंपाकघरात मला टांगलं, तेव्हा गव्हाला भाव होता. गुनहिल्डने मला पहिल्या दिवशी मऊ फडक्याने पुसलं आणि शेजारणींना बोलावून कॉफी पाजली. तिचा एकुलता मुलगा आर्विड तेव्हा खुर्चीवर चढून माझ्या घंटांना बोट लावायचा आणि बोलणी खायचा. आमच्या रस्त्यावरची सगळी घरं एकाच तारेवर होती. प्रत्येक घराची खूण वेगळी. आमची म्हणजे दोन लांब आणि एक आखूड घंटा. वाजायची मात्र ती सगळ्याच घरांत. त्यामुळे फोन आमचा असला तरी रिसीव्हर सगळेच उचलायचे.

हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच कबूल करत नव्हतं. चोरून ऐकायचं, पण मध्ये बोलायचं नाही, हा तिथला रिवाज. मध्ये बोलला, की तो पकडला गेला! मी मात्र सगळ्यांना ओळखायचो. म्हाताऱ्या आमुंडचा खोकला लपत नसे. ओटिली वाइसच्या भिंतीवर एक मोठं घड्याळ होतं, त्याची टिकटिक तारेवर आली की ओटिली हजर आहे हे समजून जायचं.

मग मंदी आली. गव्हाचा भाव असा पडला की कापणीचा खर्चही निघेना. एकेका घराने टेलिफोनचे पैसे भरणं सोडलं आणि एके दिवशी कंपनीची माणसं येऊन खांबांवरची तार गुंडाळून घेऊन गेली. मी भिंतीवर मुका होऊन बसलो. आता कुणी मला काढून माळ्यावर टाकेल, या धास्तीने माझे दिवस जात होते. पण पेडर डोकेबाज माणूस. तो म्हणाला, "तार नाही कशी? शेताशेताला कुंपण आहे की! वरची तार नीट जोडली तर थेट गावापर्यंत जाते."

सगळे शेजारी कामाला लागले. खांबाला तार थेट टेकू नये म्हणून त्यांनी बाटल्यांचे गळे आणि जुन्या बुटांच्या चामड्याचे तुकडे लावले. फाटक आलं की तार उंच काठीवरून पलीकडे नेली. गावात एक्स्चेंजवर व्हर्ना नावाची ऑपरेटर होती, तिने आमचं टोक आपल्या बोर्डात अडकवून घेतलं. आणि मी पुन्हा बोलू लागलो, तेही काटेरी तारेवरून!

आमचं घर तारेच्या अगदी शेवटी. गावाकडचं पहिलं घर ओटिलीचं. मधली सगळी घरं त्या एका तारेवर लटकलेली. लाकडाचे खांब कोरडे असले की कुंपणातून आवाज छान वाहतो आणि ओले झाले की तो वाटेतच जमिनीत मुरतो. आता तुम्हीच सांगा, मी काय मागावं? आकाशाकडे बघून अख्खं राज्य पाऊस मागत होतं आणि पाऊस नव्हता म्हणूनच माझा आवाज खणखणीत होता. मला लाज वाटायची. बाहेर शेताची माती वाऱ्यावर उडून चालली होती. धुळीचं वादळ आलं की दुपारी दिवा लावावा लागे. कोरड्या धुळीच्या घर्षणाने वीज साठून कुंपणावरून ठिणग्या उडत आणि माझ्या घंटा आपोआप किणकिणत. पेडर धावत येऊन माझी तार सोडवायचा, तोवर माझा जीव टांगणीला.

त्या दिवसांत माझ्यातून जी बोलणी गेली, ती ऐकवत नसत. "आम्ही निघालो गं. ऑरेगॉनला त्याचा भाऊ आहे." "कधी?" "गाडी सुरू झाली तर उद्याच." मग एका घराचा आवाज कायमचा बंद. एकेक करून रस्त्यावरची निम्मी घरं रिकामी झाली. मागे राहिलेले लोक त्या ओसाड शेतांची कुंपणंही दुरुस्त करत राहिले, कारण ती पडली असती तर आम्ही सगळेच तुटलो असतो.

त्याच दुष्काळात एक वाईट गोष्ट घडली. चारा संपला, लोक काटेरी झुडपं कापून गाईंना घालू लागले. सरकारची माणसं मरायला टेकलेली जनावरं विकत घ्यायला फिरत होती. एक दिवस गुनहिल्डने दुसऱ्याच कुणाची तरी घंटा ऐकून रिसीव्हर उचलला. पलीकडे ओटिली आमुंडच्या बायकोला सांगत होती, "रोस्टाडच्या गाई बघितल्यास? नुसती हाडं! दिवसभर भजनं गाते, तीच खायला घालते वाटतं त्यांना गुनहिल्ड." आणि दोघी हसल्या.

गुनहिल्डचा चेहरा पांढरा पडला. पण जाब विचारणार कसा? विचारलं तर आपण चोरून ऐकत होतो हे उघड झालं असतं. तिने रिसीव्हर हळूच ठेवला आणि ओटिलीशी बोलणंच टाकलं. चर्चच्या दारात समोरासमोर आल्या तरी मान फिरवायची. बिचाऱ्या ओटिलीला कारण कधीच कळलं नाही. मला दोन्ही बाजू माहीत होत्या आणि सांगायला तोंड असूनही स्वतःचा शब्द नव्हता.

पुढे पाऊस आला आणि पाठोपाठ युद्धही आलं. शेतं हिरवीगार झाली, गव्हाला पुन्हा भाव आला आणि कापायला हात उरले नाहीत. रस्त्यावरची तरणी मुलं एकेक करून सैन्यात गेली. आर्विडही गेला. जुनं लोखंड गोळा करायला ट्रक फिरू लागले. मोडके नांगर गेले, गुनहिल्डची जुनी इस्त्री गेली. पडीक शेतांची तारही मागितली, तेव्हा पेडर म्हणाला, "खालच्या तारा न्या. वरची नाही मिळायची. तिच्यावर आमची पोरं घरी येतात."

खरं म्हणजे त्या तारेवरून पोरं येत नव्हती, बातम्या येत होत्या. गावच्या रेल्वे स्टेशनात सैन्याचा टेलिग्राम आला की व्हर्ना तो फोनवर वाचून दाखवायची. त्यामुळे माझी घंटा वाजली की गुनहिल्डच्या हातातलं भांडं हातातच राहायचं. आपली खूण नाही असं कळलं की ती श्वास सोडायची आणि लगेच रिसीव्हर उचलायची. ज्याची खूण होती, त्याच्यासाठी. आता सगळेच उचलत. पूर्वीची ती गंमत राहिली नव्हती. दुसऱ्याच्या घरचा टेलिग्राम आपणही उभं राहून ऐकायचा, एवढंच शेजाऱ्यांना करता येत होतं.

एक दिवस दोन लांब, एक आखूड वाजलं. व्हर्ना घाईने म्हणाली, "मिसेस रोस्टाड, आधी ऐका, जिवंत आहे तो. जखमी आहे." पॅसिफिकमधल्या कुठल्याशा बेटावर आर्विडचा पाय गुडघ्याखालून गेला होता. नंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या इस्पितळातून पत्रं आली ती नर्सने लिहिलेली, दोन-चार ओळींची. घरी कधी येतो, याबद्दल अक्षर नाही. गुनहिल्ड ती पत्रं वाचून माझ्याकडे बघत बसायची. तिला वाटायचं मी काहीतरी बोलेन.

आणि एप्रिल महिन्यात व्हर्नाने निरोप दिला, की आर्विड दुपारी इस्पितळातून फोन करणार आहे, घरीच थांबा. निरोप अर्थातच सगळ्या रस्त्याने ऐकला.

बाहेर ओला बर्फ वितळत होता. खांब पाणी पिऊन फुगलेले. पेडर सकाळपासून कुंपणाकाठी चिखल तुडवत तारेला चिकटलेला बर्फ आणि ओलं गवत झाडून काढत होता. माझं काम आयुष्यभर एकच, आणि आज ते मला जमणार नाही असं वाटत होतं.

दोन लांब, एक आखूड.

गुनहिल्डने झडप घालून रिसीव्हर उचलला. त्याच क्षणी रस्त्यावरच्या प्रत्येक घरात रिसीव्हर उचलला गेला. मायेनेच उचलला सगळ्यांनी. पण तारेवर जितके कान जास्त, तितका आवाज बारीक होतो, कारण प्रत्येक कान त्यातला थोडा पिऊन टाकतो. वर तार ओली. शेवटच्या टोकाला आमच्यापर्यंत काय उरणार?

"आई? मी आर्विड."

"आर्विड! मोठ्यानं बोल रे बाळा, काही ऐकू येत नाही!"

तिचं ओरडणं वाटेतच ओल्या खांबांत मुरलं, त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. मला त्याचं ऐकू येत होतं. माझ्या आतल्या तारेत त्याचा शब्द न् शब्द पोचत होता, फार फार बारीक. तिच्या कानात मात्र नुसती चरचर. तो म्हणत होता, "आई, इथे एका कारखान्यात बसून करायचं काम मिळतंय. शेतात एका पायाचा माणूस काय कामाचा? मला तुमच्यावर ओझं व्हायचं नाहीये. खरं सांग, आई. येऊ का घरी?"

गुनहिल्ड रिसीव्हर कानात रुतवून उभी होती. ती ऐकण्यासाठी गप्प होती. तिकडे त्याला तेवढीच तिची शांतता ऐकू गेली.

"आई?" तो थांबला. मग हळू म्हणाला, "बरं. कळलं मला."

मला ओरडावंसं वाटत होतं. पण मी टेलिफोन, माझ्यातून कुणीतरी बोलावं लागतं.

तेवढ्यात गुनहिल्ड भोंग्यावर ओरडली, "ठेवा रे सगळ्यांनी! मला ठाऊक आहे तुम्ही आहात. मीही रोज ऐकते, सगळ्यांचं ऐकते! पण आज ठेवा, देवासाठी ठेवा. माझा मुलगा आहे तो!"

खट्. खट्. आमुंड खोकत म्हणाला, "चुकलो गं पोरी," आणि त्यानेही ठेवला. एकेक कान तारेवरून उतरला. आवाज थोडा वाढला, पण शब्द अजून फुटत नव्हते. आणि मागे टिकटिक चालूच होती.

"ओटिली, तुझं घड्याळ वाजतंय. ठेव ना गं."

"नाही ठेवत," ओटिली म्हणाली. इतक्या वर्षांत तारेवर ती पहिल्यांदा मध्ये बोलली. "वेडी आहेस का? मी गावाजवळ आहे, मला स्वच्छ ऐकू येतंय. तो विचारतोय घरी येऊ का. पाय नाही म्हणून विचारतोय. तू गप्प बसलीस, तर त्याला वाटलं तुझा नकार आहे. तो ठेवायला निघालाय, गुनहिल्ड! काय सांगू?"

"ये म्हणून सांग!" गुनहिल्ड किंचाळली. "चालत ये, कुबडीवर ये, कसाही ये! हे काय विचारणं झालं?"

ओटिलीचा जर्मन वळणाचा जाडा आवाज तारेवर दणाणला. "आर्विड! ए आर्विड, ठेवू नकोस! मी ओटिली. तार भिजलीय, तुझ्या आईला ऐकू येत नाही. ती म्हणतेय कसाही ये. रडतेय ती. ये रे मुकाट्यानं!"

पलीकडे काहीच नाही. फक्त पाणी मुरल्यासारखा आवाज. मला वाटलं, उशीर झाला.

मग मलाही पकडता येऊ नये इतकं बारीक काहीतरी आलं आणि तार मेली.

"काय? काय म्हणाला तो? ओटिली, सांग ना!"

"म्हणाला, ओटिली काकू, तू अजून ऐकतेसच होय!" ओटिली म्हणाली. "हसला गं. येतो म्हणाला आणि हसला."

दोघींनीही बराच वेळ रिसीव्हर ठेवला नाही. पेडर चिखलाच्या बुटांनी तसाच आत आला आणि बायकोच्या तोंडाकडे बघत दारात उभा राहिला.

गहू पोटऱ्यात आला तेव्हा आर्विड आला. तोवर मी रोज घाबरत होतो, त्याचं मन पुन्हा फिरेल म्हणून. तो ट्रॅक्टर चालवायला शिकला, तारेची देखभाल करू लागला. काही वर्षांनी नवे खांब आले, घरोघरी वेगळी तार आली, आणि मला धान्याच्या कोठीत एका खिळ्याला टांगलं. माझी एक घंटा गंजून गेली आहे आणि पेटीत उंदरांनी घर केलं आहे. अधूनमधून कुणी धूळ पुसली तर बरं वाटेल, एवढंच मागणं.

पण मित्रांनो, त्याहून मोठं एक मागणं आहे. तुमच्यापाशी आता लख्ख आवाजाचे फोन आहेत. तरीही कधी तुमचं माणूस काही विचारेल आणि तुम्हाला ते नीट ऐकू येणार नाही. तेव्हा गप्प राहू नका. पुन्हा विचारा, ओरडून विचारा, शेजारच्याला मध्ये घाला, पण काहीतरी बोला. पलीकडे तुमचं गप्प राहणं ऐकू येतं आणि त्याचा अर्थ ज्याचा तो लावतो. आर्विडने लावला होता. त्याचा हात रिसीव्हर ठेवायला निघालाही होता.