मास्तरांचं नाक

मास्तरांनी मापातल्या तेलात दोन बोटं बुडवली, अंगठ्यावर घासली, नाकाशी नेली आणि म्हणाले, “ओत.”

त्यांची सून ट्रकच्या केबिनमध्ये गुडघ्यांवर बसली होती. तळाचा पत्रा काढून तिने गिअरबॉक्सच्या तोंडात नरसाळं बसवलं होतं. तिने हात लांब करून माप घेतलं, तिरकं करायला गेली, आणि एक उग्र दर्प तिच्या नाकात शिरला. गंधकाचा, नुकत्याच विझलेल्या काडीसारखा. तिचा हात जागीच थांबला.

हे कडक तेल होतं. मागच्या ॲक्सलला ते चालतं, कारण तिथे सगळं पोलाद असतं. पण या जुन्या फौजी ट्रकांच्या गिअरबॉक्समध्ये पितळी रिंगा असतात आणि हे तेल पितळ खातं. तेही बोभाटा न करता. काही महिने गाडी झकास चालते आणि मग एखाद्या चढावर गिअर पडतच नाही. हे सगळं तिला शिकवलं होतं ते खाली उभ्या असलेल्या याच माणसाने.

“मास्तर, हे ओतू?”

“मग काय पिणार आहेस? ओत.”

“शिकाऊला आता लेखी हुकूम पाहिजे,” गाडीखालून लंबू म्हणाला. लंबू हा शेडमधला जुना फिटर. उंचीने बेताचा, म्हणूनच लंबू. सुनेला शेडमध्ये येऊन दोन वर्षं होत आली होती, पण पहिल्या दिवशी मास्तरांनी दिलेलं ‘शिकाऊ’ हे नाव काही तिची पाठ सोडत नव्हतं. तीही शेडमध्ये त्यांना मास्तर म्हणायची, घरी बाबा.

तिला आधी वाटलं, परीक्षा घेताहेत. त्यांना ती खोड होतीच. चुकीचं तेल पुढे करायचं आणि हिच्या लक्षात येतं का ते मिशीत हसत बघायचं. ती वाट बघत राहिली. मास्तर चिंधीला बोटं पुसत होते आणि गाडीच्या ड्रायव्हरला टायरबद्दल काहीतरी सांगत होते. गालात नेहमीची लवंग होती. मिशीत काहीच नव्हतं.

ड्रायव्हर ही गाडी घेऊन डोंगरावरच्या वस्तीला पाणी पोचवायचा. मागे भरलेली टाकी, एका बाजूला दरी. सुनेला एकदम भीती वाटली.

“मापात कचरा आहे,” ती म्हणाली आणि माप घेऊन खाली उतरली.

लंबूने तेल काढलं होतं ते कालच आलेल्या पिंपातून. पुरवठादाराने चुकीचं पिंप पाठवलं होतं. पिंपावरच्या अक्षरांवर मास्तरांचा कधीच विश्वास नव्हता. रिकामी पिंपं पुन्हा भरून येतात, आत काय आहे ते अक्षरांना काय माहीत, असं ते म्हणायचे. म्हणून या शेडचा रिवाजच होता. तेल कुठलंही असो, मास्तरांनी ते चोळून, हुंगून ‘ओत’ म्हटल्याशिवाय गाडीत जायचं नाही. लांबलांबचे लोक त्या एका शब्दासाठी गाड्या घेऊन यायचे.

तिने ते तेल टाकाऊ डब्यात रिकामं केलं, माप पुसलं आणि शेडच्या मागे गेली. तिथल्या पिंपात जुनं, मऊ तेल अजून शिल्लक होतं. तिने तोटी फिरवली, तशी ती नेहमीसारखी कुरकुरली.

मास्तरांनी पुन्हा बोटं बुडवली. चोळली. नाकाशी नेली.

“ओत,” ते म्हणाले. अगदी मघाच्याच आवाजात.

तिने ओतलं. थोडं बाहेर सांडलं. मास्तरांनी चिंधी पुढे केली.

“इंजिनात मात्र भारी घाला, मास्तर,” ड्रायव्हर म्हणाला. “ते नवीन निघालंय ना, आतून धुऊन काढणारं.”

“मुळीच नाही. इतक्या वर्षांचा गाळ आहे तिच्या पोटात. तो एकदम सुटला की तेलाच्या वाटा तुंबतील आणि इंजिन धरेल. साधं, जाड तेलच घालायचं. कुठला मळ काढायचा आणि कुठला राहू द्यायचा, एवढं कळलं की माणूस अर्धा मेकॅनिक झाला.”

“आणि उरलेला अर्धा?” लंबूने विचारलं.

“उरलेला अर्धा गप्प बसतो.”

ड्रायव्हर हसला. सुनेला हसू आलं नाही. परवा दूध नासलं होतं, तिच्या उशिरा लक्षात आलं. त्याआधीच बाबा त्या दुधाचा चहा पिऊन, छान झालाय म्हणून उठले होते. तिला वाटलं होतं, आपलं मन राखताहेत. गेल्या आठवड्यात वेल्डिंगची ठिणगी पडून कोपऱ्यातला चिंध्यांचा ढीग धुमसत होता आणि मास्तर त्याला पाठ करून शांतपणे बोल्ट निवडत बसले होते. लंबू ओरडला तेव्हा कुठे वळले. थंडीत त्यांना मोठा ताप येऊन गेला होता. तापानंतर ते अशक्त झालेत, एवढंच घरात सगळे धरून चालले होते.

आता तिने बोलायचं म्हटलं तर शेडच बसल्यासारखी होती. मास्तरांच्या नाकावर शेड चालायची आणि मुलगा गेल्यावर मास्तर या शेडवर चालले होते. तिने मनाशी ठरवून टाकलं. यापुढे प्रत्येक माप आधी आपण हुंगायचं, मग त्यांच्यापुढे धरायचं. कोणाला कळायचं कारण नाही.

संध्याकाळी ड्रायव्हर गाडी घेऊन गेला, लंबूही गेला. मास्तरांनी दिवे मालवायला सुरुवात केली. दाराजवळच्या खुंटीवर कामावर घालायची एक निळी डांगरी टांगलेली होती. तिच्या नवऱ्याची. एका पहाटे तो झोपेतून उठलाच नाही. नातेवाइकांनी, डोळ्यांसमोर नको म्हणून, घरातले त्याचे सगळे कपडे देऊन टाकले होते. ती तेव्हा भानावर नव्हती, कोणी काहीही विचारलं तरी मान हलवत होती. डांगरी शेडमध्ये होती म्हणून राहिली.

तेव्हापासून मास्तर रोज कुलूप लावायच्या आधी त्या डांगरीपाशी थांबायचे. कॉलर नाकाशी धरायचे, एक श्वास घ्यायचे, सोडून द्यायचे. त्यावर कधी बोलणं झालं नाही. सून त्या वेळी पाठ वळवून पाने जागेवर लावत बसायची. तापानंतर ते श्वास वाढत गेले होते. कधी दोन, कधी तीन. तिला वाटायचं, दुःख वाढतंय.

आज तिने पाठ वळवली नाही. मास्तरांनी कॉलर नाकाशी धरली, श्वास घेतला, पुन्हा घेतला. मग डांगरी तशीच हातात धरून ते म्हणाले,

“मागच्या पिंपाची तोटी कुरकुरते.”

तिने हातातला पाना खाली ठेवला.

“नाक गेलंय. कान आहेत अजून. पहिलं तेल कडक होतं ना?”

“हो.”

“ओतलं असतंस तर?”

“नाही ओतलं, बाबा.”

शेडमध्ये तिने त्यांना पहिल्यांदाच बाबा म्हटलं होतं. ते स्टुलावर बसले. एकदम म्हातारे दिसले.

“तापापासून काहीच येत नाही. पेट्रोल नाही, साबण नाही. डॉक्टर म्हणाला, येईल कदाचित, नाहीही येणार.”

“मला तरी सांगायचंत.”

“सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, मग आता ही कशाला ठेवायची इथे? धुऊन टाकू.” त्यांनी डांगरी मांडीवर सारखी केली. “रोज वाटतं, आज येईल. तो गेला तेव्हा निदान हा एवढा वास तरी होता. आता दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालंय बघ.”

मग त्यांनी ती तिच्यापुढे धरली.

“तू बघ. आहे का अजून?”

तिने आजवर त्या डांगरीला हात लावला नव्हता. ती त्यांची, असं तिने धरलं होतं. कितीदा वाटलं होतं, शेडमध्ये कोणी नसताना एकदा जावं. पण तेवढाच उरलेला वास आपण घेऊन संपवला तर, म्हणून गेली नव्हती. तिने डांगरी दोन्ही हातांत घेतली आणि कॉलरमध्ये तोंड घातलं.

धूळ होती. जुनं तेल होतं. तिने डोळे मिटून आणखी आत शोधलं, मानेच्या शिवणीपाशी, जिथे तो घामाने भिजायचा. तिथे लवंगेचा वास होता. दाढीच्या साबणाचा होता. दोन वर्षं रोज संध्याकाळी त्या जागी टेकलेल्या तोंडाचा. त्याच्याखाली काही नव्हतं.

तिला त्याची इतकी आठवण आली की तोंड बाहेर काढवेना.

मास्तर वाट बघत होते. माप हातात धरून ती त्यांच्या शब्दाची वाट बघायची, तसे.

“आहे,” ती म्हणाली.

“नक्की?”

“आहे, बाबा. कॉलरपाशी.”

“कसा आहे?”

“तुमच्यासारखा.”

त्यांनी मान हलवली.

“लोक म्हणायचेच, बापावर गेलाय.”

तिच्याकडून डांगरी घेऊन त्यांनी ती पुन्हा खुंटीला लावली, कॉलर नीट केली आणि कुलूप शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा एक फौजी ट्रक आला. लंबूने मागच्या पिंपातून माप भरून आणलं. मास्तरांनी दोन बोटं बुडवली, अंगठ्यावर घासली आणि सवयीने हात नाकाकडे नेला. अर्ध्यावर तो थांबला. मग त्यांनी माप लंबूच्या हातून स्वतःकडे घेतलं, नरसाळं धरून बसलेल्या सुनेपाशी गेले आणि ती दोन बोटं तिच्या नाकापुढे धरली.

लंबूने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

तिने श्वास घेतला. तेल मऊ होतं. बोटांना लवंगेचा वास होता.

“ओता, मास्तर,” ती म्हणाली.