साखरेचा चिमटा आणि एकनाथची ट्रंक

मी एक जुना चिमटा आहे. भाकरी शेकायचा नव्हे आणि निखारे उचलायचाही नव्हे. मित्रांनो, मी चहात साखरेचे चौकोनी खडे टाकायचा चांदीचा चिमटा आहे. वीतभरसुद्धा लांब नाही. माझ्या अंगावर बगळा कोरलेला आहे आणि त्याचा मला एके काळी फार तोरा होता. आता मी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत, रेणूच्या दिवाणखान्यात असतो. येणारे-जाणारे माझं कौतुक करतात. ते ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. का, ते सांगतो.

बगळा हे हेरनशॉ घराण्याचं चिन्ह. इंग्लंडमधलं मोठं सरदार घराणं ते. शेकडो एकर जमीन, लंडनला वेगळं घर, भिंतीभर पूर्वजांची चित्रं. मी ज्या लॉर्डसाहेबांकडे होतो, ते राजकारणात होते; त्यांचे वडील हयात असल्याने 'लॉर्ड' हे नुसतं मानाचं नाव, म्हणून त्यांना निवडणूक लढवता यायची. माणूस वाईट नव्हता हो. चहात दोन खडे घ्यायचे. त्यांना दोन लेकी होत्या. बाईसाहेबांचं लक्ष नाही असं बघून साहेब माझ्या टोकांत हळूच त्यांची नाकं धरायचे आणि तिघंही खिदळायची. मला ते दिवस आठवले की आजही बरं वाटतं, आणि लगेच बरं वाटल्याची लाज वाटते.

त्या घरात टेबलावर वाढायचं काम रत्नागिरीचा एकनाथ करायचा. बायको आणि लहानगा मनोहर गावी, आणि हा बोटीने लंडनला आलेला. रोज संध्याकाळी तो मला मऊ फडक्याने पुसायचा. बगळ्याच्या पायांच्या रेघांत डाग राहिला, तर काडीला कापूस लावून तो काढायचा. इतकं माझं कोणीच केलं नाही.

सत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट. साहेब गिरणीकामगारांच्या भागातून निवडणुकीला उभे होते. कामगारांचे पुढारी घरी चहाला येणार होते आणि त्यांच्याबरोबर वर्तमानपत्राचा फोटोवालाही. बाईसाहेबांनी सवयीने सगळी चांदी मांडली. साहेबांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. कामगारांची मतं मागायची आणि चांदीच्या चिमट्याने साखर घ्यायची, हे फोटोत बरं दिसलं नसतं. एकनाथने झटपट सगळं आत नेलं. मी तेवढा राहिलो. दारावरची घंटा वाजली, तशी साहेबांनी मला उचलून स्वतःच्या कोटाच्या खिशात कोंबलं. आणि विसरले.

दुसऱ्या दिवशी बाईसाहेबांनी चांदी मोजली. चिमटा नाही. शेवटचा हात कोणाचा लागला होता? एकनाथचा. घरातल्या सगळ्यांसमोर साहेबच म्हणाले, "त्यानेच नेला असणार." एकनाथला त्याच दिवशी घराबाहेर काढलं. त्याची ट्रंक बंदरावर मागाहून पाठवू, म्हणाले. मी हे सगळं खुंटीवरच्या कोटातून ऐकत होतो.

चार दिवसांनी साहेबांनी तो कोट घातला आणि त्यांची बोटं मला लागली. त्यांनी मला बाहेर काढलं. कानापर्यंत लाल झाले. मला वाटलं, आता हाक मारतील, माणूस धाडतील, एकनाथला परत बोलावतील. त्यांनी तसं काही केलं नाही. ते जिना उतरून तळघरात गेले. तिथे एकनाथची पत्र्याची ट्रंक ठेवलेली होती, बिनकुलपाची. त्यांनी झाकण उचललं आणि मला त्याच्या घडी घातलेल्या स्वेटरमध्ये खुपसलं. भरपाई म्हणून ठेवलं की ब्याद टळावी म्हणून, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

रत्नागिरीला बायकोसमोर एकनाथने ट्रंक उघडली आणि मी खाली पडलो. त्याने मला उचलून बघितलं. मग म्हणाला, "मी घेतला नाही गं."  बायकोने मला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून तळाशी ठेवलं. त्याने मला विकलं नाही, परतही पाठवलं नाही. पाठवलं असतं, तर चोरी कबूल केल्यासारखंच झालं असतं ना? बोटीवरच्या लोकांकडून गावात कुजबुज पोहोचली होतीच. पुढे त्याने खानावळीत वाढपी म्हणून आयुष्य काढलं. तिथेही मालक भांडी दुसऱ्याकडून मोजून घ्यायचा.

एकनाथ गेला. त्या लुगड्याच्या तुकड्यासकट मी मनोहरकडे आलो आणि मनोहरबरोबर अमेरिकेत त्याच्या लेकीकडे, रेणूकडे. इतकी वर्षं मी काळा पडून होतो. मला त्याचं काही वाटलं नाही. माझी तीच लायकी होती.

यंदा मनोहर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झाला. डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं. तारीख ठरली, तशी त्याने मला बाहेर काढून जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि लेकीला आणि नातीला सगळं सांगितलं.

"बाबा, सोडा ना आता," रेणू म्हणाली. "सत्तर वर्षं झाली. कोण विचारतंय?"

"माझं मन विचारतंय," मनोहर म्हणाला. "हे डोक्यावर घेऊन मला ऑपरेशनच्या टेबलावर झोपायचं नाही. त्यांची माफी मागायची आणि वस्तू परत करायची."

अनिका, रेणूची मुलगी, सातवीत आहे. तिने लॅपटॉपवर हेरनशॉ घराणं शोधून काढलं. साहेब निवडून आले होते, पुढे मंत्रीही झाले. त्यांचा नातूही आता राजकारणात आहे. पत्ता मिळाला. मनोहर मराठीत सांगू लागला आणि अनिका इंग्रजीत टाइप करू लागली. 'माझ्या वडिलांनी तुमच्या घरी चोरी केली,' या वाक्यापाशी तिची बोटं थांबली.

"वेट, आजोबा. पणजोबांनी असं सांगितलं का, की आय टुक इट?"

"नाही. ते शेवटपर्यंत म्हणायचे, मी घेतला नाही."

"मग आपण असं का लिहितोय?"

"मग ट्रंकेत कसा आला, बाळा?"

अनिकाने जरा विचार केला आणि ते वाक्य टाइप केलं. उत्तर तिच्यासमोर टेबलावर पडलेलं होतं. मित्रांनो, चिमट्याला तोंड असतं, पण ते नुसतं उचलण्यापुरतं. त्या क्षणी मला स्वतःची जितकी किळस आली, तितकी लॉर्डसाहेबांचीही कधी आली नव्हती.

बारा दिवसांनी नातवाचं उत्तर आलं. जाड कागद, वर बगळा. अनिकाने मराठी करून सांगितलं. तुमच्या प्रामाणिकपणाने आम्ही भारावलो. आमच्या घराण्याने तुमच्या वडिलांना केव्हाच माफ केलं आहे. चिमटा आठवण म्हणून तुमच्याकडेच ठेवा.

माफ केलं म्हणे.

मनोहर लहान मुलासारखा रडला. रेणूने शिरा केला. शेजारचे संग्रामकाका आले, त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "यार मनोहरराव, काय मोठ्या मनाची माणसं बघा." ऑपरेशन नीट पार पडलं. मनोहर आता बागेत फिरतो, रात्री शांत झोपतो. त्याच्यासाठी मला आनंदच आहे, खोटं कशाला बोलू.

मित्रांनो, तुमच्या घरात काही हरवलं, तर आधी स्वतःचे खिसे तपासा. दुसऱ्याचं नाव घेण्याआधी त्याला समोर बसवून विचारा आणि तो काय म्हणतो ते ऐकून घ्या. आणि वस्तू तुमच्याच खिशात सापडली, तर चारचौघांत सांगा, कितीही लाज वाटली तरी. ती लाज दोन दिवसांत सरते. माझी सरत नाही.

दवाखान्यातून घरी आल्यावर मनोहरने आणखी एक काम केलं. इतकी वर्षं त्याने वडिलांचा फोटो कुठल्याच घरात लावला नव्हता. आता साहेबांच्या घरून माफी आली, म्हणून त्याने तो फ्रेम करून दिवाणखान्यात लावला. मला लखलखीत घासलं आणि त्याच्याच खाली, पत्राशेजारी ठेवलं. एकनाथ दिवसभर माझ्याकडे बघत असतो. वर बघायची माझी अजून छाती झालेली नाही.