सदतीस नंबरचा पाय

झुल्मिराने भिजत घातलेला खारा मासा परातीतून काढून ताटलीत ठेवला, परातीत ताजं पाणी आणि बर्फ ओतला, आणि दोन्ही पाय आत बुडवले.

“असे आखडतात होय पाय?” कामावर निघालेला नवरा दारातून म्हणाला. आर्मिंदोला गेल्याच महिन्यात बुटांच्या कारखान्यात चामडं कापायचं काम मिळालं होतं. तेव्हापासून तो सगळ्यांनाच अक्कल शिकवत असे.

“गप बस. दहाला बोलावलंय मला.”

कारखाना पुन्हा सुरू झाला होता. टीव्हीवर रोज नव्या नोकऱ्यांचे आकडे सांगत, आणि गावात पत्ते कुटायला चौथा भिडू मिळेना. पूर्वी नमुन्याचा प्रत्येक बूट झुल्मिराच्या पायात घालून बघत; सदतीस नंबर, अगदी मापात. कारखाना बंद पडला. मग अकरा वर्षं तिने खानावळीत उभ्याने भांडी घासली, आणि पाय पसरत अडतीसवर गेला. पण तिला तेच जुनं काम हवं होतं. तिथे दिवसभर कुणीतरी तिला विचारायचं, कसं वाटतंय?

कारखान्यात मुकादम अदेरितोने गुडघे टेकून बूट चढवला. चढला, पण झुल्मिराच्या डोळ्यांत पाणी आलं.

“कसं वाटतंय?”

‘छान’ अगदी ओठांवर होतं. ती उठली, चार पावलं चालली, आणि जुनी खोड आडवी आली.

“करंगळी चिरडतेय. पण तो दोष माझा, साहेब. पाय अडतीसचा झालाय. टाचेची शिवण मात्र आत वळलीय. ती सदतीसलाही टोचणार.”

संपलं, असं वाटून ती खाली बसली. अदेरितो गुडघ्यांवरच होता.

“सकाळपासून चार पोरी येऊन गेल्या. चौघी पक्क्या सदतीसच्या. चौघींना बूट एकदम झकास वाटला.” त्याने कोपऱ्यातल्या खोक्यांच्या ढिगाकडे बोट केलं. “गिऱ्हाइकाने परत धाडलेत. टाचेपायी.”

झुल्मिराने नाक पुसलं.

“नमुने अडतीसचे काढू,” म्हणत त्याने बूट ओढला. निघेना. आर्मिंदोला हाक मारली. दोघांनी मिळून ओढला, तरी निघेना.

“राहू दे,” अदेरितो घाम पुसत म्हणाला. “सोमवारी आठला या, झुल्मिराबाई.”

“आणि बूट?”

“निघाला तर घेऊन या. नाहीतर घालूनच या.”

“मासा आज ताटलीतच राहू दे, परात पायाला लागेल,” आर्मिंदो म्हणाला.