त्या आठवड्याचं आकाश

तिने दिव्यांचं बटण हळूहळू डावीकडे फिरवायला घेतलं. एकदम अंधार केला की लहान मुलं दचकतात आणि मग सगळा घुमट डोक्यावर घेतात, हे तारांगणात नोकरीला लागल्यावर पहिल्या आठवड्यातच ती शिकली होती. उजेड निम्म्यावर आला. मागच्या रांगेत कुणीतरी मांजराचा आवाज काढला आणि बाकीची मुलं फिदीफिदी हसली.

"पुरे आता. पाय खाली घ्या आणि वर बघा," मुलांच्या बाई म्हणाल्या.

तिचा हात बटणावरच थांबला. तो आवाज गेल्या वर्षभरात तिने एकदाच ऐकला होता, वाढदिवसाच्या फोनवर. आपली लेक शिक्षिका आहे हे तिला ठाऊक होतं. कुठल्या शाळेत, हे कधी विचारलं गेलं नव्हतं. अंधारात तिने आवाजाच्या दिशेने पाहिलं. डोकी तेवढी दिसत होती, एकसारखी. तिने बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि तारे लावले.

मुलं नेहमीसारखी एका सुरात "आऽऽ" करून गप्प झाली.

सुरुवात ती आपल्या लहानपणापासून करत असे. तिचे वडील वीजकेंद्रात कामाला होते. वीज गेली की सगळं गाव वैतागायचं आणि वडील सायकल काढून कामावर पळायचे. ती मात्र खूश होऊन गच्चीवर जायची, कारण दिवे गेले की आकाश लख्ख दिसायचं. सारखं वर बघत चालते आणि दगडांना ठेचकाळते म्हणून आत्या तिला उंटीण म्हणायची. इथे मुलं हमखास हसत. आजही हसली. आई लवकर गेलेली होती, अंधाऱ्या घरात एकटीला भीती वाटायची आणि घरापेक्षा गच्चीवर अंधार कमी असायचा म्हणून ती वर जायची, हा भाग ती सांगत नसे. खेळ पाऊण तासाचा होता.

पुढचं ती भराभर सांगे. शिष्यवृत्ती मिळाली, विद्यापीठ झालं आणि डोंगरावरच्या वेधशाळेत तिची नेमणूक झाली. मग ती हातातल्या विजेरीची बारीक तिरीप डावीकडे खालच्या एका मंद ताऱ्यावर नेई. हा दिसतो एक, पण आहेत दोन. त्यांतला एक धुळीच्या पडद्यात गुरफटलेला आहे. अकरा वर्षांनी एकदा तो दुसऱ्याच्या आड येतो आणि आठवडाभर त्याचा उजेड खातो. तो आठवडा हुकला की पुन्हा अकरा वर्षं थांबायचं. यंत्रावर कुठल्याही दिवसाचं आकाश लावता येतं, त्यामुळे इथे मात्र थांबावं लागत नाही, असं म्हणून ती दिवस पुढेमागे पळवून दाखवी.

शेवटी प्रश्न. एकाने विचारलं, ताऱ्यांना वास असतो का. दुसऱ्याला पगार किती ते हवं होतं. त्याला बाईंनी गप्प केलं. मग पुढच्या रांगेतून एका मुलीचा बारीक आवाज आला.

"तिथे डोंगरावर तुम्हाला एकटं वाटायचं नाही?"

हा प्रश्न तिला नवा नव्हता. ताऱ्यांची सोबत असते ना, असं उत्तर ती देत असे आणि ते सगळ्यांना आवडे. ती बोलायला गेली. घुमटात कुणाची तरी बाटली गडगडत गेली.

"वाटायचं," ती म्हणाली आणि दिवे लावले.

लेक दाराशी उभी राहून मुलं मोजत होती. मोजताना तिने एक हात कमरेवर ठेवला होता, आणि तिच्या सैल कुर्त्यातूनही पोट स्पष्ट दिसत होतं. मेजामागून आईने ते पाहिलं, मग नजर बटणांकडे वळवली. याबद्दल तिला कुणी काही कळवलं नव्हतं.

"मॅडमना धन्यवाद म्हणा," लेक मुलांना म्हणाली.

मुलं मोठ्याने हेल काढून धन्यवाद म्हणाली आणि डबे खायला अंगणात पळाली. दुसऱ्या एक शिक्षिका त्यांच्यामागे गेल्या. दार आपोआप लोटलं गेलं. तिने मेजावरचं कापड नीट केलं, जे नीटच होतं.

लेक मधल्या वाटेने परत आली आणि चौथ्या रांगेत बसली.

"कितवा?" तिने विचारलं.

"सातवा."

"सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

यापुढे आईने काय विचारायचं असतं हे तिला आठवेना. पायांना सूज येते का, झोप लागते का, असं काहीतरी. लेकीचं बालपण तिच्या वाट्याला सुट्ट्यांपुरतंच आलं होतं. आधी नवरा एकटा सांभाळत होता, मग दोघं वेगळे झाले आणि मुलगी त्याच्याकडेच राहिली. भांडण असं कधी झालं नाही. लग्नालाही ती गेली होती, दुसऱ्या रांगेत बसली होती आणि जेवून परतली होती.

"तुझ्या नावाची पाटी बाहेर बघितली," लेक म्हणाली. "शाळेने तिकिटं काढली तेव्हा माहीत नव्हतं. पाटी बघून वाटलं, मुलांना दुसऱ्या शिक्षिकेबरोबर आत पाठवावं आणि आपण बाहेर थांबावं."

"बरं झालं आलीस."

लेकीने वरच्या कोऱ्या घुमटाकडे पाहिलं.

"कुठल्याही दिवसाचं आकाश लावता येतं म्हणालीस."

"हो."

"मग माझं ऑपरेशन झालं त्या रात्रीचं लाव. तुझ्या डोंगरावरून दिसायचं ते."

तारीख विचारावी लागली नाही. लेक नऊ वर्षांची होती, अपेंडिक्स फुटलं होतं, आणि नवऱ्याचा फोन वेधशाळेच्या कचेरीत आला तो नेमका तो तारा झाकला जाण्याच्या आठवड्यात. तिने दिवे घालवले आणि आकडे दाबले. घुमट फिरला आणि थांबला. डोंगरावरचं काळंभोर आकाश दोघींवर उतरलं.

लेकीने मान मागे टेकली होती, हे तिच्या आवाजावरून कळलं.

"बाबा म्हणाले होते, आईला काहीतरी फार मोठं दिसणार आहे म्हणून ती आली नाही. मी वॉर्डातल्या सगळ्यांना तेच सांगत होते. नर्सनासुद्धा." ती थांबली. "हे होतं तर."

हो म्हणणं अगदी सोपं होतं. विजेरी हातातच होती आणि तारा कुठे आहे हे तिला डोळे मिटूनही दाखवता आलं असतं. तिने तिरीप वर नेली. प्रकाशाचा ठिपका त्या मंद ताऱ्याजवळ येऊन थांबला. मग तिने तो विझवला, आणि एकामागून एक बटणं दाबून सगळे तारेही विझवले. घुमटात आपला हातही दिसेना.

"काय झालं?" लेकीने विचारलं.

"असं होतं. ढग होते."

बाहेरून मुलांचा गलका ऐकू येत होता.

"आठवडाभर?"

"आठवडाभर."

"मग तू काय करत होतीस?"

"बसून होते. आता उघडेल, मग उघडेल, असं वाटायचं."

"रोज?"

"रोज."

अकरा वर्षांनी तो आठवडा पुन्हा आला, स्वच्छ आला, त्यावर तिचा शोधनिबंध छापून आला, चार ठिकाणी सत्कार झाले. हे सांगण्याजोगं होतं, पण ते तिच्या तोंडून निघेना. ती मेजाच्या कडेवर बोटं टेकून उभी राहिली आणि दार उघडण्याची वाट पाहू लागली. दाराच्या फटीतून उजेड येईल, तो पुन्हा बंद होईल, मग पुढच्या खेळाला साधारण अर्धा तास उरेल.

अंधारात एक खुर्ची मिटल्याचा आवाज झाला. मग पावलं. दाराकडे नव्हे, भिंतीला हात लावत लावत, सावकाश, मेजाकडे.

"सांभाळून ये," ती म्हणाली. "पुढे एक पायरी आहे."