मुकी गाडी

फाटकवालीने हिरवा बावटा स्टेशनमास्तरांच्या टेबलावर आपटला.

"हा घ्या तुमचा बावटा. आधी माझी तक्रार ऐका, मगच उचलेन."

मास्तरांनी चहाचा कप सावरला. "बसा बाई. कोणाची तक्रार?"

"मुकीच्या ड्रायव्हरची."

मुकी म्हणजे बॅटरीवर चालणारी नवी गाडी. बाकांखाली बॅटऱ्या; ना धूर, ना शिटी, ना धडधड. आली कधी, गेली कधी, पत्ता लागत नसे. फाटकाजवळ रुळांत वाकून दगड काढणाऱ्या फाटकवालीच्या नवऱ्यालाही लागला नव्हता; तो गाडीखाली गेला. चौकशीत ठरलं, माणूस बेसावध होता. मग त्याच्याच जागी कंपनीने तिला फाटकावर ठेवलं.

"बेसावध म्हणे. उभ्या जन्मात ज्याने एका गाडीला फाटक उघडं ठेवलं नाही, तो बेसावध. तेही गिळलं मी, मास्तर. पण हा माणूस गातो."

"गातो खरा."

"नवऱ्याची माती सुकली नव्हती तेव्हापासून गातोय. बाकी रस्ताभर गप्प, आणि माझ्या वळणावर आला की सूर लावतो. देवाचंच गातो, पण असं, की देवानेही कानांत बोटं घालावीत. माणूस चिरडला तिथंच गाणं सुचतं कसं याला?"

पदराचं टोक तिने बोटाभोवती इतकं आवळलं होतं की बोट पांढरं पडलं.

मास्तर मात्र खुलले. "बरं झालं आलात. पहिल्या वर्गातली मंडळीही वैतागलीत, झोपमोड होते म्हणून. त्यात तुमची तक्रार पडली, की उद्याच घरी बसवतो त्याला. कटकट मिटेल. थांबा, शिपायासमोरच सांगा."

त्यांनी टेबलावरच्या घंटेवर हात मारला. खिडकीतली कबुतरं फडफडत उडाली. घंटा चांगली जाड पितळेची होती, टेबलाला न शोभणारी. बुडाला तुटक्या पट्टीचे दोन स्क्रू तसेच होते.

"ही कुठली?" तिने विचारलं.

"मुकीचीच. कारखान्यातून लावून आली होती. साहेब म्हणाले, आवाज नाही म्हणून तर लोक हौसेने बसतात, काढून टाका. पहिल्याच आठवड्यात काढली. पडून होती, म्हणून वापरतो." मास्तर हसले. "तुमच्याकडचं ते झाल्यावर ड्रायव्हर ही घंटा परत मागायला आला होता. नाही म्हटलं, तर म्हणतो कसा, मग तोंडाने वाजवतो. अर्धवटच आहे."

घंटा अजून बारीक घुमत होती. फाटकवालीने तिच्यावर तळहात ठेवला आणि ती पुरती थांबेपर्यंत उचलला नाही.

शिपाई दारात येऊन उभा राहिला.

"हं, बोला बाई," मास्तर म्हणाले. "ड्रायव्हरबद्दल काय तक्रार आहे तुमची?"

तिने टेबलावरचा बावटा उचलला, झटकला, काखेत घट्ट धरला.

"हळू गातो," ती म्हणाली. "फाटकापर्यंत पोचत नाही. जरा मोठ्याने गायला सांगा."