पान एकोणपन्नास

"आणि त्या दाईनं कंदील वर धरला, तर उंबऱ्यात..." एवढं बोलून यमुनाबाई थांबल्या.

आम्हाला वाटलं, मुद्दाम थांबल्या. गोष्ट रंगात आली की मध्येच थांबून आमची तोंडं बघायची त्यांची खोड आहे. शेजारच्या खाटेवरचा कचरू उशीवरून मान उचलून म्हणाला, "उंबऱ्यात कोण व्हतं ओ काकू? लई ताणू नका." पण त्यांच्या हातातलं पुस्तक पोटावर पडलं, डोळे फिरायला लागले, तेव्हा मी स्टूल लाथाडून उठलो.

बीपी सत्तर-चाळीस. डायलिसिसच्या मशीनचं अंगातलं पाणी काढणं बंद केलं, पायाकडची बाजू वर घेतली, सलाईन मोकळं सोडलं. "काकू! इकडं बघा! माझं नाव सांगा!" पलीकडच्या खाटेवरचे व्यंकटराव मोठ्यानं देवाचं नाव घ्यायला लागले. मला त्यांना गप्प करावंसं वाटलं.

बारा मिनिटं गेली. मग त्या म्हणाल्या, "भारत. ओरडू नकोस."

मी चौदा वर्षं डायलिसिस टेक्निशियन आहे. माझे वडील मुंजाबा देवगाव रंगारीला अजून मेंढरं राखतात आणि विचारेल त्याला सांगतात, "पोरगं शहरात रगत धुतंय." काम तेच आहे. किडनी बंद पडलेल्या माणसाचं प्यालेलं पाणी अंगातच साठतं. तो आला की आधी वजन करायचं. मूळ वजनापेक्षा जेवढं जास्त भरेल, तेवढं पाणी काढायला मशीनला सांगायचं. कमी काढलं तर माणूस धापा टाकतो, जास्त काढलं तर असा कोसळतो.

आता आमच्या रीतीबद्दल सांगायला हवं. सोमवार, बुधवार, शुक्रवारच्या सकाळच्या शिफ्टला तीन माणसं चार-चार तास सुया टोचून पडून असतात. तिसरा तास फार वाईट. पायात गोळे येतात, माणूस छताकडे बघून नको ते बोलायला लागतो. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी सुरू केलं: सध्या काय वाचताय, ते तिसऱ्या तासाला एकेकानं सांगायचं. व्यंकटराव धरणावरच्या एका इंजिनिअरचं आत्मचरित्र वाचतात आणि त्यातल्या चुका काढतात. चितेगावच्या कंपनीतला कचरू खुनाच्या कादंबऱ्या वाचतो आणि खुनी पहिल्या दिवशीच फोडून टाकतो. यमुनाबाई जिल्हा परिषदेत टायपिस्ट होत्या, त्यांना सगळं चालतं. मी स्वतः डिप्लोमानंतर एकही पुस्तक उघडलेलं नाही. पण या तिघांच्या तोंडून माझी तीसेक पुस्तकं झाली असतील, आणि घरी बायकोला ती मीच वाचल्यासारखी सांगतो.

कुणी थापा मारू नयेत म्हणून आल्या आल्या दोन प्रश्न विचारायचे: वजन किती, आणि पान कितवं. वजन चार्टवर चौकटीत, पान कोपऱ्यात पेन्सिलनं.

गेले बारा दिवस यमुनाबाई अठराव्या पानावर होत्या. "मन लागत नाही रे," म्हणायच्या. मागच्या शुक्रवारी तर म्हणाल्या, "हे असं किती दिवस येत राहायचं, भारत?" असं विचारणारी माणसं पुढे एक दिवस यायचीच बंद होतात, हे मला चौदा वर्षांत चांगलं कळलंय. म्हणून आज त्या काट्यावरून उतरून "साडेसत्तेचाळीस" म्हणाल्या आणि वर हसून "पान एकोणपन्नास!" म्हणाल्या, तेव्हा मला केवढा आनंद झाला.

डॉक्टर मनस्विनी धावत आल्या. नाडी बघितली, बीपी बघितलं. शंभर-साठ. "काय झालं, भारत?"

मी तोंड उघडायच्या आत यमुनाबाई बोलल्या. "माझीच चूक झाली, डॉक्टर. सकाळी बीपीची गोळी घेऊन आले."

"काकू! डायलिसिसच्या दिवशी सकाळी गोळी घ्यायची नाही, हे किती वेळा सांगितलंय?"

"विसरले हो."

मला ते पटेना. सहा वर्षांत ही बाई काही विसरलेली नाही. मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्या मशीनच्या पडद्याकडे बघत होत्या. पडद्यावर काढायचं पाणी दाखवत होतं: तीन लिटर. मूळ वजन सेहेचाळीस, म्हणजे दीड लिटर हवं होतं. मी चार्ट उचलला. वजनाच्या चौकटीत निळ्या शाईनं ठसठशीत ४९ लिहिलं होतं. साडेसत्तेचाळीस कोपऱ्यात होतं, पेन्सिलनं.

अदलाबदल मीच केली होती.

यमुनाबाईंनी माझा हात धरला, जोरात दाबला आणि डोळ्यांनीच गप्प राहा म्हणाल्या. मी गप्प राहिलो. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी बरं वाटलं. घराचे हप्ते, माझ्या मुलीची, संस्कृतीची, दहावी, सगळं डोळ्यांसमोर आलं, आणि वाटलं, त्या जिवंत आहेत, झालं गेलं मिटलं.

पण डॉक्टर फाइलवर लिहीत होत्या. "ही गोळी मी बंदच करते. संध्याकाळचीसुद्धा नको. शुक्रवारी बघू."

यमुनाबाईंचं बीपी गोळीशिवाय दोनशेवर जातं. ते मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. तरी त्या म्हणाल्या, "बरं."

"मॅडम, गोळी बंद करू नका," मी म्हणालो. "काकूंनी गोळी घेतली नव्हती. मी वजन चुकीचं टाकलं."

"भारत!" यमुनाबाई ओरडल्या.

डॉक्टरांनी चार्ट घेतला. "एकोणपन्नास कुठून आलं? मोबाइलवर बोलत होतास?"

"नाही मॅडम. पान."

"कसलं पान?"

मग मला ते सगळं सांगावं लागलं. दाई, कंदील, कोपरा, पेन्सिल. सांगताना ते इतकं पोरकट वाटलं की जमीन फाटून पोटात घेईल तर बरं.

"माणसाच्या वजनाच्या जागी तू कादंबरीचं पान लिहिलंस?"

"व्हय मॅडम." घाबरलो की माझ्या तोंडून गावच बोलतं.

"आणि काकू, तुम्ही त्याच्यासाठी खोटं बोललात. मी तुम्हाला गोळीशिवाय घरी पाठवलं असतं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली असती तर कुणाला विचारायचं होतं?"

"मॅडम, त्याच्यामुळंच आमी इथं टिकून हाय," कचरू म्हणाला.

"आणि त्याच्यामुळेच आज एक जण जाणार होतं," डॉक्टर म्हणाल्या. ते खरंच होतं. मला त्यांचा जराही राग आला नाही.

मी लेखी दिलं. नोकरी राहिली, पण मशीनला हात लावायचा नाही. हॉलमागच्या पाण्याच्या खोलीत माझी ड्युटी लागली. डायलिसिसला लागणारं पाणी तिथं शुद्ध होतं आणि तिथली मोटर दिवसभर घरघरत असते. हॉलमध्ये माझ्या जागी रूपाली आली. ती फक्त वजन विचारते, दोनदा.

शुक्रवारी यमुनाबाई येतात की नाही, या विचारानं सकाळपासून मला चहा गेला नव्हता. तिसरा तास लागला आणि दारापलीकडून त्यांचा आवाज आला. एरवी तो शेजारच्या खाटेपर्यंत जेमतेम पोचतो. आज त्या भर मैदानात उभ्या राहून बोलल्यासारख्या बोलत होत्या.

"काकू, इतक्या मोठ्यानं कशाला?" रूपालीनं विचारलं.

"मला कमी ऐकू येतं ओ सिस्टर," कचरू ओरडला. त्याच्याइतके तिखट कान सेंटरमध्ये कुणाचे नाहीत.

दाईच्या गोष्टीतलं पुढचं नीट कळेना. मोटर बंद केली असती तर शब्दन् शब्द आला असता, पण तिचंच पाणी त्या तिघांच्या मशीनला जात होतं. मी दाराला कान लावला. कुठं नदी म्हणाल्या, कुठं बाळ म्हणाल्या, मध्ये व्यंकटराव काहीतरी बोलले आणि तिघंही हसली. काय ते मला ऐकू आलं नाही. मी तसाच उभा राहिलो.