कप्तानांचं ‘बघतो’

हॉटेलच्या जुन्या कप्तानांच्या शोकसभेतून मालकाला काय मिळणार, हे उघड होतं. समोरच्या नव्या हॉटेलाकडे वळलेली जुनी गिऱ्हाइकं निदान एका दुपारी परत येणार, वर्तमानपत्रात चार ओळी छापून येणार, आणि हे सगळं अशा माणसाच्या जिवावर, जो आता पगारवाढ मागेल अशी धास्ती नव्हती. कप्तानांच्या मुलाचा, दादाचा, फायदा लहान, पण निकडीचा. त्याच्या मुलाला स्वागतकक्षात चिकटवून घ्यायचं मालकाने तोंड भरून कबूल केलं होतं. त्याच्या बहिणीच्या, धाकटीच्या नावावर मात्र शोधूनही काही निघत नव्हतं. तिने पहिल्या रांगेत बसायचं आणि शेवटी घरच्यांतर्फे आभार मानायचे, एवढंच.

जेवणाच्या हॉलमध्ये बाबांचा मोठा फोटो लागला होता. खाली सोनेरी अक्षरं: ‘आयुष्यभर ज्यांनी कोणालाही नाही म्हटलं नाही.’

ते वाचून धाकटीला हसू आलं आणि तळपायाची आग मस्तकातही गेली. यातला शब्द न् शब्द खरा होता आणि सगळं मिळून धादांत खोटं. बाबा ‘नाही’ म्हणत नसत. हॉटेलच्या धंद्यात तो शब्द खपत नाही. कोणी राखून ठेवलेलं टेबल मागितलं, की ते मान किंचित लववून म्हणत, ‘बघतो.’ त्या ‘बघतो’चा अर्थ भांडी घासणारीपासून दारवानापर्यंत सगळ्यांना पाठ होता. कळला नाही तो फक्त मालकांना. आधी बापाला, आणि आता लेकाला.

“आभाराचं थोडक्यात आटपा ताई,” मालक म्हणाला. “त्यांची नम्रता, त्यांचा गोड स्वभाव. जुनं काही उकरायला नको.”

“बघते,” धाकटी म्हणाली.

मालक निश्चिंत होऊन पाहुण्यांकडे वळला. दादाचा चेहरा मात्र पडला. तोही त्याच घरात वाढलेला. सायकलीपासून सहलीपर्यंत सगळ्या मागण्यांना त्याने हेच उत्तर ऐकलं होतं.

“अगं, पोराच्या नोकरीचा प्रश्न आहे,” तो कुजबुजला. “गेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो?”

“मग त्या फोटोच्या जागी तुझा फोटो लावू या ना. ओळ तुला जास्त शोभेल.”

“बोल, बोल. तुला काय, तुझी पोरगी मार्गी लागलीय.”

हे लागलं. कारण ते खरं होतं. तरी मालकाचं भाषण संपल्यावर ती उठली.

“बाबा या हॉलचे कप्तान होते. म्हणजे सगळ्या वेटरांचे प्रमुख,” ती म्हणाली. “एकदा इथे मोठी मेजवानी होती. पाहुण्यांचे ड्रायव्हर बाहेर उन्हात ताटकळत होते. थोरले मालक म्हणाले, ताटांत उरेल ते त्यांना देऊन टाक. बाबा म्हणाले, बघतो.”

मागच्या भिंतीशी कोणीतरी फिस्सकन हसलं.

“पाहुणे उठल्यावर बाबांनी टेबलांवर धुतलेली कापडं अंथरली, ड्रायव्हरांना आत बसवलं आणि पातेल्यातलं गरम अन्न स्वतः वाढलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा कोट उतरवला गेला आणि त्यांना तळघरात चादरी मोजायला बसवलं. थोरले मालक अधूनमधून निरोप धाडायचे, ‘चुकलो म्हण आणि वर ये.’ बाबा कळवायचे, ‘बघतो.’ बिचारे थोरले मालक. आज येईल, उद्या येईल म्हणून वाट बघत राहिले. बाबा तळघरातूनच निवृत्त झाले.”

आता सगळी भिंतच हसत होती. तिथे वेटर ट्रे धरून ओळीने उभे होते. पुढे अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. धाकटीच्या ते आत्ता ध्यानात आलं.

“तुम्ही उभे का? बसा की. तुमचाच माणूस गेलाय.”

कोणी हललं नाही. सगळ्यांचे डोळे मालकाकडे.

“ते कामावर आहेत,” मालक म्हणाला. “चहा कोण देणार?”

दादा घसा खाकरत उठला. हा आता माफी मागणार, असं समजून धाकटीने दातओठ खाल्ले. दादा भिंतीपाशी गेला आणि सगळ्यांत म्हाताऱ्या वेटरच्या हातातला ट्रे त्याने काढून घेतला.

“बाबांची सभा आहे. चहा घरचे देतील,” तो म्हणाला. “बसा काका. गुडघे दुखतात ना तुमचे?”

काका बसले. आधी खुर्चीच्या काठावर, मग पाठ टेकून. मग बाकीचे बसले. दादाला ट्रे धरता येत नव्हता. मालकाच्या बशीत कपापेक्षा जास्त चहा गेला.

वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्या मालकाच्या. वेटरांना दटावणी मिळाली, पण इतक्या जणांत वाटली गेल्यावर कोणाच्या वाट्याला फारशी आली नाही. टाळ्या धाकटीला. पोराची जागा संध्याकाळच्या आत दुसऱ्या कोणाला गेली, आणि वहिनीने धरलेला अबोला वर. दोन्ही दादाच्या माथी.

धाकटी त्या नुकसानीतलं निम्मं मागायला गेली.

“तू बोललीस ना? मग झालं तर,” दादा म्हणाला. “हे मी भरलंय. यात तुला वाटणी नाही.”